मारबतीनं ओ दिली

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो बाप्पा एकदाचे नागपुरात! दोन बॅगा, एक गादी, गॅसची शेगडी आणि माझा भाऊ अश्विन. यात सांभाळून आणायला अश्विनच जड गेला. पारशिवनीहून निघालो तसा त्यानं बसच्या खिडकीचा पडदा जो ओढला तो थेट नागपूर येईपर्यंत सोडला नाही. बाबा मन्सरजवळ ट्रकखाली गेले तेव्हापासून त्याचं हे असंच आहे. मिशी फुटली, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला गेला, तरी रस्ता ओलांडताना माझा हात धरतो. मी त्याला चिडवते, पण हात सोडत नाही. स्टँडवर आई म्हणाली, वैभवी, त्याले सांभाळजो वं, आता एवढाच राहिला. मला स्वतःचं म्हणाल तर कशाचंच काही वाटत नाही. अश्विनला घरी यायला उशीर झाला की मात्र पोटात गोळा येतो.

खोली हुडकेश्वरला, शोभाताईंच्या घराच्या गच्चीवर. खोली एवढीशी, पण गच्ची अख्खी आपली. शोभाताई बोलायला फटकळ, पण आल्या आल्या वांग्याची भाजी आणून दिली. त्यांचा कुत्रा शेरू जिन्यात आडवा पडून असतो. त्याला बिस्कीट टाकलं, दोस्ती झाली.

आणि नोकरी! रामदासपेठेत विक्कीभाऊंचं कॅफे आहे, तिसऱ्या मजल्यावर. कॉफी प्या आणि टेबलावर बसून खेळ खेळा. मी तिथं गेम मास्टर. आईला हे समजावता समजावता माझी जीभ सुकली. एक जण गोष्ट सांगतो, ती मी. बाकीचे त्या गोष्टीतले तलवारवाले, जादूगार, चोर होतात. काय करायचं ते त्यांनी सांगायचं, जमलं की फसलं ते फासे सांगतात. राक्षस, भुतं, दरवान, म्हाताऱ्या, सगळ्यांचे आवाज माझे. आई म्हणे, म्हणजे तू खेळशील अन् ते तुले पगार देतीन? हाव माय, तसंच.

(लिहिताना मला शाळेतली मराठी येते, बोलताना पारशिवनीची. रोजनिशीला चालून जाईल.)

९ नोव्हेंबर, रविवार

रविवारची दुपारची टोळी आज भेटली. रजत बँकेत आहे, उन्नती दातांची डॉक्टर होऊन राहिली आहे, रितिका लहान मुलांना कथक शिकवते. चौथा गडी कमी होता म्हणून अश्विनला बसवलं. त्यानं तलवारवाला घेतला. घरचा सशाच्या काळजाचा, खेळात एकदम शूर!

खेळ मात्र फसला. मी एवढा डोंगराएवढा राक्षस गुहेतून काढला आणि रजतनं विचारलं काय, तर त्याचे प्राण किती उरले? मग तिघांनी बोटांवर हिशोब केला आणि राक्षस मेला. उन्नती तर मध्येच जांभई देऊन राहिली होती. नंतर विक्कीभाऊ म्हणाले की लोक आता सोन्याच्या पेट्यांना कंटाळले, तू यात जरा भय टाक. घरी जाताना पाय लटपटले पाहिजेत त्यांचे.

टाकते ना. मला काय कमी समजून राहिले का!

१२ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवस हाच विचार. राक्षस मोठा केल्यानं भय येत नाही. राक्षस दिसला की संपलंच, मग उरतो तो हिशोब. दिसायला नको. आणि तलवार चालायला नको त्याच्यावर. आणि खेळातल्या जादूगाराचं काही जाऊन उपयोग नाही, खेळणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी गेलं पाहिजे.

भांडी घासता घासता सुचलं. मारबत!

नागपूरची मारबत म्हणजे पुतळ्यांची केवढी मोठी मिरवणूक, रस्ता दिसत नाही माणसांनी. आमच्याकडं साधं असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारातली पळसाची फांदी उपटायची, गावाच्या शिवेबाहेर नेऊन फेकायची आणि बोंबलायचं, खासी खोकला घेऊन जा गे मारबत, ढेकूण मच्छर घेऊन जा गे मारबत, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! गावातलं वाईट सगळं तिच्या अंगावर टाकायचं आणि तिला बाहेर काढायचं.

आता समजा एका गावानं मारबत केली आणि बाहेर नेलीच नाही. ती शिवेवर बसून आहे. तिच्या पुढून जायचं तर तिला आपलं भेव द्यायचं. जादूगाराचं नाही, खरं, स्वतःचं. माझ्याच अंगावर काटा आला बाप्पा.

शोभाताईंच्या मागच्या प्लॉटमध्ये पळस आहे. काड्या आणल्या, सुतळीनं बांधल्या, जुन्या ओढणीचा काळा चिंधा गुंडाळला. तोंड केलं नाही. तोंड नसलेलं बरं दिसते.

१६ नोव्हेंबर, रविवार

जमलं! असं जमलं की विक्कीभाऊ कॉफी मशीन बंद करून दारात उभे राहिले.

पडदे ओढून घेतले होते. बाहेर टळटळीत दुपार, आत आंधार. मारबत टेबलाच्या मधोमध. बाजूला नेहमीचा लाल पत्ता ठेवला होता. कोणाला सहन झालं नाही तर त्यावर हात ठेवायचा, खेळ तिथंच थांबतो. टोळी शिवेवर आली. रजतनं सवयीनं विचारलं, हिचे प्राण किती. मी म्हटलं, माहीत नाही. त्यानं मोजायला काढलेली बोटं मिटली. पहिल्यांदाच!

मग एकेकानं तिच्यापुढं वाकून आपलं भेव सांगायचं, बाकीच्यांनी ओरडायचं, घेऊन जा गे मारबत! आणि मी, मारबतीच्या आवाजात, घोगरं, हळू म्हणायचं, दे, नेते. हे दे नेते मला ऐन वेळी सुचलं. सगळे खुर्चीत सरकन मागं सरले, मी पाहिलं.

रजत म्हणाला, लिफ्ट. कोणतीही बंद जागा. दे, नेते. उन्नतीला कुत्र्यांचं भेव, लहानपणी पिंडरी फोडली होती एकानं. दे, नेते. रितिका आगीला भिते, घरात गॅस तिची आईच पेटवते. दे, नेते. अश्विन शेवटी. इतका हळू बोलला की वाकून ऐकावं लागलं. रस्ता, म्हणाला. ट्रक. बाबासारखं होईल म्हणून.

खेळ इथंच थांबवावा वाटलं क्षणभर. पण रंगलेला खेळ कोण मोडते? सगळे ओरडले, घेऊन जा गे मारबत! मी म्हटलं, दे, नेते.

मारबत आता कॅफेच्या काचेच्या कपाटात. विक्कीभाऊंनी तिच्यावर छोटा दिवा लावला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काय सांगू! मानेवाडा चौकात अश्विननं माझा हात सोडला आणि एकटा पलीकडं गेला. पलीकडून हात हलवून दाखवला. मी भर रस्त्यात रडले, हसू बी येऊन राहिलं होतं. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणे, तुह्या त्या खेळानं काहीतरी भलं केलं बाप्पा.

रजतचा मेसेज आला, आज लिफ्टनं आठव्या मजल्यावर गेलो, काहीच वाटलं नाही, जादूगारीण बाई, पाया पडतो. मला हसू आलं. मी स्वतः मात्र आज कॅफेची लिफ्ट सोडून जिन्यानं गेले. दार लागताना कसंतरी झालं. जेवण नव्हतं झालं म्हणून असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज खेळात भ्यायलं कोणीच नाही. मी आवाज काढले, दिवा घालवला, एका पात्राला विहिरीत ओढलं. चौघं शांत बसून माझ्याकडं पाहत होते. लाल पत्त्याकडं कोणाचा हात गेला नाही. हात माझाच जाऊन राहिला होता. स्वतःच्या गोष्टीला घाबरणारी गेम मास्टर, वा!

उन्नतीच्या गालाला पट्टी होती. काय झालं विचारलं तर हसत सुटली. तिच्या गल्लीत कुत्री पिलांवर बसली होती, हिनं पिलू उचलायला तोंड जवळ नेलं. कुत्री गुरगुरली नाही का, रितिकानं विचारलं. गुरगुरली ना, उन्नती म्हणाली, दातबी दाखवले, पण म्हटलं त्यात काय. टाके बोटानं दाबून पाहत होती.

घरी आले तर शेरू जिन्यात. रोजचाच शेरू. मी खालच्या पायरीवर उभी राहिले ती राहिलेच. त्याचे दात दिसून राहिले होते मला. शेवटी शोभाताईंनी त्याची मान धरली तेव्हा वर आले. म्हणाल्या, काऊन वं पोरी, तुले काय चावला का तो?

२६ नोव्हेंबर, बुधवार

गॅस पेटवायला काडी ओढली आणि हातातून फेकून दिली. पुन्हा ओढली, पुन्हा फेकली. ती एवढीशी ज्योत अंगावर येते असं वाटलं. मी! गावाकडं चुलीवर पन्नास माणसांचा स्वयंपाक केलेली मी!

पोहे भिजवून तसेच खाल्ले. अश्विन हसला.

संध्याकाळी रितिकाच्या आईचा फोन. रितिकाची ओढणी गॅसवर पेटली आणि ती ओढणीकडं पाहत उभी राहिली म्हणे. हलली नाही. आईनं पाण्याची बादली ओतली. हात आणि मान भाजली आहे. त्या विचारत होत्या, तुमच्या तिथं पोरीले काही खाऊ पिऊ घालता का.

लिफ्ट, कुत्रा, आग. त्यांचं गेलं आणि माझ्याकडं आलं. लिहिताना वेड्यासारखं वाटते. पण मग चौथं? रस्ता?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आलं. आज हुडकेश्वर रोडवर उभी होते. समोरून गिट्टीचा ट्रक आला आणि मी खाली बसले, भर फुटपाथवर, डोकं धरून. एका बाईनं उठवून घरी आणून सोडलं. कॅफेत जाणं झालं नाही. होणार नाही.

आणि अश्विन. मित्राची मोटारसायकल आणली त्यानं. हेल्मेट नाही. रिंगरोडवर दोन ट्रकच्या मधून काढली, असं स्वतःच सांगून राहिला, जेवता जेवता, भाजी वाढ म्हणावं तसं. कोपर सोलून निघालं आहे. मी म्हटलं, अरे बाबा कसे गेले विसरला का? म्हणाला, नाही ना, सगळं आठवते. पण त्यात भ्यायचं काय आहे ताई?

त्याच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. रागबी नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आईला सगळं सांगितलं. वाटलं हसेल. हसली नाही.

मग म्हणाली, पोळा नाही, सण नाही, अन् तू मारबत केली? केली तर केली, बाहेर काहून नाही नेली? मी म्हटलं, कपाटात आहे. आणि ते दे नेते सांगितलं. तेव्हा ती ओरडलीच. अवं, मारबतीले आपण बोंबलतो. इतक्या वर्षांत तिनं कधी ओ देली का? ती ओ देत नाही म्हणून तर ते सगळं तिच्यासंगं जाते. तू कायले ओ देली? जो नेतो म्हणते त्याच्याच घरी जाते ते!

मी म्हटलं, जाळून टाकू का. ती रडायला लागली. जाळली की गेलं ते गेलं. मग पोराचं भेव बी गेलं कायमचं. असा मोकळा किती दिवस जगन तो या रस्त्यांवर?

अश्विन गाडी घेऊन बाहेर आहे. मी खिडकी लावून बसली. खिडकी लावली की खोली लहान होते. उघडली की ट्रकचा आवाज.

२ डिसेंबर, मंगळवार

रजत त्याच्या बिल्डिंगच्या बंद पडलेल्या लिफ्टमध्ये सापडला. आतून दार ओढून बसला होता. श्वास कमी पडून राहिला तरी बाहेर नाही आला. जिवंत आहे. विक्कीभाऊचा फोन होता. मी मारबत मागितली. म्हणे, तिच्यासाठीच तर गर्दी येऊन राहिली, अशी कशी देऊ.

शेरू वर येऊन दार हुंगते. नखांचा आवाज —

अश्विन अजून नाही आला. जेवली नाही. देवापुढचा दिवा शोभाताईले विझवायला लावला.

मले भेव वाटते. चौघांचं भेव वाटते अन् त्याच्यावर माहं एक. ट्रकचा ब्रेक वाजला की वाटते, तोच. तोच असन. देवा, त्याले —

आला. आला घरी. पायातून रक्त येऊन राहिलं. हसून राहिला.

३ डिसेंबर

सुचलं.

जो नेतो म्हणन त्याच्याकडं जाते. मग त्यालेच म्हणू देईन. मारबत त्याच्या हातात. मी बोलीन, रस्त्याचं भेव घेऊन जा गे. तो म्हणन, दे, नेतो. फक्त रस्ता. बाकीचं माह्याजवळ राहू दे. मी राहीन या खोलीत जन्मभर, चालते मले. तो फुटपाथनं चालन, हात धरन, म्हातारा होईन —

विचारलं त्याले. म्हणे, आणतो ना ती बाहुली कॅफेतून, त्यात काय. काच फोडून आणीन.

गाडीवर गेला आहे. आता. माह्याच सांगण्यावरून गेला गाडीवर —

ट्रक. पुन्हा ट्रक. मोजू नको. ऐकू नको —

आई म्हणे त्याले सांभाळजो. मी —

४ डिसेंबर, गुरुवार

किती दिवसांनी गॅस पेटवला! अद्रक टाकून चहा ठेवला आहे. खिडकी उघडी, ऊन छान पडलं आहे, आणि अक्षर पाहा कसं सुबक येऊन राहिलं.

सकाळी झालं सगळं. अश्विन रात्री आणलेली मारबत मांडीवर घेऊन बसला. मी म्हटलं, रस्त्याचं भेव घेऊन जा गे मारबत. तो हसत म्हणाला, दे, नेतो. त्याच क्षणी त्याचं तोंड पांढरं झालं आणि त्यानं माझा हात धरला. घट्ट, पूर्वीसारखा. इथं थांबायचं ठरलं होतं. पण छातीवरचा दगड निघाल्यासारखं इतकं मोकळं वाटलं की माझं तोंड थांबलंच नाही. आग घेऊन जा गे. कुत्रा घेऊन जा गे. बंद खोली घेऊन जा गे. तो नको नको म्हणून मान हलवत होता, पण ओठ त्याचे आपोआप हलत होते. दे, नेतो. दे, नेतो. सगळ्यात शेवटी माझं स्वतःचं निघालं, ते अडलंच होतं घशात इतकी वर्षं. अश्विनला काही होईल हे भेव घेऊन जा गे मारबत. त्यानं माझ्याकडं पाहिलं. रडत होता. म्हणाला, दे, नेतो.

आता एकदम हलकं वाटते.

तो काही खोलीत थांबला नाही. भिंती जवळ येतात म्हणे. गॅस पेटवला तसा किंचाळला आणि गच्चीवर पळाला. खाली जायला निघाला तर जिन्यात शेरू. शेरू बिचारा शेपूट हलवून राहिला होता. अश्विन त्याच्याकडं तोंड करून मागं मागं सरकत गेला आणि कठड्यावर चढला. आता तिथंच उभा आहे. उंचीचं भेव आमच्यातल्या कोणीच दिलं नव्हतं, म्हणून तेवढं एक त्याच्याजवळ नाही.

मला हाका मारून राहिला. ताई, मले धर वं. ताई, मी मरतो वं. आवाज फाटून गेला आहे पोराचा. जायला पाहिजे, हे कळते मला. मागच्या आठवड्यात असती तर चप्पल न घालता धावली असती. आता पोटात नुसती भूक आहे. कालचे पोहे आहेत, ते परतून घ्यावे.

शेरू चढून वर आला वाटते, नखं वाजली.

हाका थांबल्या. खाली शोभाताई ओरडून राहिल्या, माझंच नाव घेऊन, वैभवी, वैभवी. काय झालं ते पाहते जाऊन, एवढा चहा गाळला की